हरणासाठी कोणतं कॅलिबर? रायफल घेण्याआधीचा हिशेब

शंभर यार्डांवर आडव्या उभ्या असलेल्या अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाच्या फुप्फुसांत .२४३ ची गोळी बसली काय किंवा .३०-०६ ची बसली काय, पुढचं सगळं जवळपास सारखंच होतं. हरीण तिथेच बसतं, नाहीतर पन्नास-शंभर यार्ड धावून कोसळतं. गोळी पोटात गेली तर मात्र याहून तगडी .३०० मॅग्नमही उपयोगाची नाही, अंधारात बॅटरी घेऊन जखमी जनावर शोधत फिरावं लागतं. तरी नवशिक्यांचा सगळा वेळ 'कोणतं कॅलिबर भारी' या वादात जातो. निवड करावी लागते हे खरं, पण तिचा क्रम ठरलेला आहे: आधी राज्याचा कायदा, मग स्वतःचा खांदा, मग अंतर आणि शेवटी गोळीची बांधणी. दुकानातली चर्चा बहुधा याच्या उलट्या टोकापासून सुरू होते.

हा लेख अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरता आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार गुन्हा आहे. तेव्हा इथला कोणताही सल्ला गावाकडच्या शेतात वापरायचा नाही.

नावातले आकडे

कॅलिबर म्हणजे गोळीचा किंवा नळीच्या भोकाचा व्यास, इंचात मोजलेला. .३०८ विंचेस्टरची गोळी ०.३०८ इंच, म्हणजे ७.८ मिलिमीटर. इथवर सरळ आहे. पण .२७० विंचेस्टरची गोळी प्रत्यक्षात ०.२७७ इंचाची असते. .३०-३० मधला पहिला तीस व्यासाचा आणि दुसरा तीस मूळच्या काडतुसात भरलेल्या दारूच्या ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं बारीक माप). .३०-०६ मधला सहा हा १९०६ सालचा. ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ चीच पितळी केस (काडतुसाचं कवच), तिचं तोंड ७ मिलिमीटरच्या गोळीसाठी आवळलेलं.

त्यामुळे नुसता व्यास सांगून काही कळत नाही. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिघांची गोळी एकाच व्यासाची आहे. फरक केसच्या आकारात आणि तिच्यात मावणाऱ्या दारूत आहे, आणि तिघांचा धक्का, पल्ला, किंमत सगळं वेगळं आहे. काडतूस मागताना पूर्ण नावच घ्यायचं. ते नाव नळीवर कोरलेलं असतं आणि काडतुसाच्या बुडावरही असतं. दोन्ही नावं अक्षरन् अक्षर जुळली पाहिजेत. 'बसतंय म्हणजे चालतंय' हा हिशेब इथे जिवावर बेततो. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये बसू शकतं. घोडा दाबला की ०.३०८ ची गोळी ०.२२४ च्या नळीत घुसायला बघते आणि रायफल चेहऱ्यासमोर फुटते. ज्यांच्या घरात या दोन्ही रायफली आहेत त्यांनी दोन्हींची काडतुसं एका टेबलावर कधीच ठेवू नयेत.

गोळी आत जाऊन काय करते

व्हाइटटेलच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण आठ इंच व्यासाची जागा असते, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या अर्ध्या भागात. गोळीने तिथे पोचायचं, पुढून भूछत्रासारखं उमलायचं आणि दोन्ही फुप्फुसं फाडून शक्यतो पलीकडून बाहेर पडायचं. बाहेर पडलेली बरी, कारण दुसऱ्या भोकातून रक्त जमिनीवर सांडतं आणि माग काढता येतो. अर्थात याच कारणाने हरणामागे मातीचा उतार किंवा टेकडी नसेल तर घोडा दाबायचाच नाही.

हे उमलणं वेगावर अवलंबून असतं. साधी शिशाची, तांब्याचं वेष्टन असलेली शिकारी गोळी लागताना सेकंदाला साधारण १८०० फुटांपेक्षा जास्त वेगात हवी. वेग त्याहून खूप कमी झाला तर ती न उमलता सुईसारखी आरपार जाते. पूर्ण वेष्टनाच्या लष्करी गोळ्या तर उमलतच नाहीत, म्हणून बहुतेक राज्यांत शिकारीला त्यांच्यावर बंदी आहे. उलट टोकाचीही चूक होते. .२४३ मध्ये ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्या मिळतात, त्या कोयोटी आणि प्रेअरी डॉगसारख्या लहान जनावरांसाठी आहेत. हरणाच्या खांद्याच्या हाडावर त्या वरच्यावर फुटतात, मोठी उथळ जखम करतात आणि फुप्फुसांपर्यंत पोचत नाहीत. कॅलिबर बरोबर, डबा चुकीचा.

शक्तीचा हिशेब घरी करता येतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड), गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पाउंडमध्ये येतं. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी सेकंदाला २९६० फुटांनी निघते: १०० × २९६० × २९६० ÷ ४,५०,२४० = सुमारे १९४६. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २८२० फुटांनी निघते, तिचे येतात सुमारे २६५०. जुना शिकारी आडाखा सांगतो की हरणापर्यंत पोचताना १००० फूट-पाउंड शिल्लक असावेत. हा आडाखा ढोबळ आहे. तेवढीच शक्ती घेऊन लष्करी गोळी आरपार गेली तर हरीण बरंच लांब पळू शकतं. पण 'या अंतरापलीकडे नको' हे ठरवायला तो बरा पडतो.

कायदा आधी वाचा

प्रत्येक राज्याची नियमपुस्तिका वेगळी आणि दरवर्षी नवी. कोलोराडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ७० ग्रेनची उमलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड अशी अट आहे. व्हर्जिनियात किमान .२३. टेक्सासात सेंटरफायर असेल (म्हणजे ठिणगी पाडणारा प्रायमर काडतुसाच्या बुडाच्या मधोमध असेल) तर .२२३ सुद्धा चालते. तेव्हा टेक्सासातल्या मित्राची .२२३ उसनी घेऊन कोलोराडोत गेलात तर पहिल्याच तपासणीत अडकाल.

मिडवेस्टमधली सपाट, दाट वस्तीची राज्यं आणखी वेगळी आहेत. ओहायो आणि आयोवात हरणाच्या हंगामात लांब पल्ल्याच्या, खांद्याशी निमुळत्या होणाऱ्या केसची रायफल चालत नसे, शॉटगन वापरावी लागे. नंतर तिथे सरळ भिंतीच्या केसची काडतुसं मान्य झाली. .३५० लेजंड हे २०१९ चं काडतूस अशाच नियमांसाठी घडवलेलं आहे: धक्का कमी, पल्ला साधारण दीडशे ते दोनशे यार्ड, त्यापुढे शक्ती झपाट्याने उतरते. तुम्ही अशा राज्यात राहत असाल तर खालची निम्मी चर्चा तुमच्यासाठी कायद्यानेच निकालात काढली आहे.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांसाठी खास. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी लागू होणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. मुदत संपली की अपवादही संपतो, मग रायफल कपाटात असली तरी अडचणच. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागत नाही. राज्याचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून व्हिसावर असाल तर खरेदीआधी वकिलाला विचारायचे पैसे वाया जात नाहीत. हंटर एज्युकेशनचा कोर्स जवळपास सगळीकडे लागतोच. तो लायसन्सआधी उरकून टाका.

खांद्याचं ऐका

नेम चुकण्याचं सर्वांत मोठं कारण दचकणं. घोडा दाबायच्या आधीच शरीर धक्क्याच्या भीतीने आवळतं, डोळे मिटतात आणि नळीचं तोंड खाली जातं. आठ पौंडांच्या रायफलीत मागे येणारी शक्ती अंदाजे अशी असते: .२४३ ला ९ फूट-पाउंड, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ ला १२-१३, .३०८ आणि .२७० ला १७ च्या आसपास, .३०-०६ ला २०, .३०० विंचेस्टर मॅग्नमला २७ किंवा जास्त. रायफल दोन पौंडांनी हलकी घेतली तर हेच आकडे सुमारे एक तृतीयांशाने वाढतात. डोंगरात वाहून न्यायला हलकी रायफल आणि त्यात .३०-०६, ही जोडी दुकानात हातात घेतल्यावर झकास वाटते आणि रेंजवर पाचव्या गोळीला नको होते.

दचकतोय की नाही हे स्वतःला कळत नाही. सोबत्याला सांगा की मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये एक-दोन नकली काडतुसं मिसळून भर, कुठे ते मला सांगू नकोस. नकली आल्यावर फक्त 'टक्' आवाज होईल. त्या क्षणी दुर्बिणीतली फुली जागची हलली नाही तर ठीक. ती झटक्याने खाली गेली, तर एक पायरी खालचं काडतूस घ्या. यात कमीपणा काहीच नाही.

धक्क्याएवढाच आवाजही दचकवतो. कानात बोळे आणि त्यावर इअरमफ, दोन्ही लावून सराव करा. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावला की धक्का उतरतो पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. शेजारी उभ्या असलेल्याचे कान जातात. दस्त्याची लांबीही बघा. कारखान्यातून येणाऱ्या रायफलींत ती बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास असते. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या माणसाला ती लांब पडते, मान पुढे काढावी लागते, डोळा दुर्बिणीच्या फार जवळ येतो आणि भुवईवर चंद्रकोरीची खूण उमटते. कॉम्पॅक्ट मॉडेल मागा. त्यांत हीच लांबी साधारण साडेबारा इंच असते.

मग कोणतं?

.३०८ विंचेस्टर (१९५२) घेऊन कुणी पस्तावल्याचं ऐकिवात नाही. कोणत्याही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात डबा मिळतो, १५० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) गोळी पुरते, आणि पुढे एल्कसारखं मोठं जनावर मारायची हौस आली तर १६५ किंवा १८० ग्रेनवर जाता येतं. धक्का नवशिक्याला थोडा जास्त, एवढीच तक्रार.

ती तक्रार खरी असेल तर ७ एमएम-०८ (१९८०) बघा. १४० ग्रेनची गोळी, .३०८ पेक्षा धक्का जाणवण्याइतका कमी, हरणावर काम तेच. आमच्या मते नव्या शिकाऱ्यासाठी हेच सगळ्यांत समजूतदार काडतूस आहे. फक्त लहान गावात डबा मिळेलच असं नाही, म्हणून घरून निघतानाच पुरेसे घ्यावेत.

६.५ क्रीडमूर २००७ मध्ये लक्ष्यभेदाच्या स्पर्धांसाठी आलं आणि शिकारीत त्याचा इतका बोलबाला झाला की आता त्याची टिंगलही होते. गोळी लांब आणि सडपातळ, वाऱ्याला कमी दबते. पण नीट पाहा: दोन्ही रायफली २०० यार्डांवर शून्य केल्या (म्हणजे तिथे नेम धराल तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवली) तर ३०० यार्डांवर .३०८ ची १५० ग्रेनची आणि क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी साधारण आठ-आठ इंचच खाली येते. क्रीडमूरचा खरा फायदा ३०० च्या पुढे, वाऱ्यात. बहुतेक हरणं दोनशे यार्डांच्या आत मारली जातात. तिथे ते केवळ एक मऊ धक्क्याचं चांगलं काडतूस आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

.२४३ (१९५५) बारीक चणीच्या आणि नव्या माणसाला उत्तम, पण त्यात चुकीला जागा कमी. गोळी ९० ते १०० ग्रेनची हवी, आडवं उभं हरीण हवं, आणि तिरप्या कोनातून खांदा फोडून आत जायचा मोह टाळायला हवा. टेक्सासच्या हिल कंट्रीतली हरणं अंगाने लहान, तिथे काहीच प्रश्न नाही. मिनेसोटा किंवा मेनमधला थंडीत पोसलेला मोठा नर त्याच्या दीडपट-दुप्पट भरतो. तिथे .२४३ च्या वरचं काहीतरी बरं.

.२७० आणि .३०-०६ ही जुनी, खणखणीत नाणी. त्यांना लांब अ‍ॅक्शन लागतो (काडतूस नळीत ढकलणारी यंत्रणा), रायफल थोडी लांब आणि जड होते. घरात वारशाने आली असेल तर बदलायचं कारण नाही. मोकळ्या माळावर किंवा रॉकीजमध्ये म्यूल डिअरसाठी .२७० ची १३० ग्रेनची गोळी आजही कुणाहून मागे नाही.

.३०-३० (१८९५) झाडीतली रायफल. दीडशे यार्डांपर्यंत बिनधास्त. शंभरावर शून्य केली तर दोनशेवर सात-आठ इंच खाली येते. तिच्या, खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या, लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात. तिथे टोकदार कडक गोळी घातली तर ती पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकते आणि धक्क्याने नळकांड्यातच स्फोट होऊ शकतो. म्हणून चपट्या नाकाच्या किंवा मऊ रबरी टोकाच्या गोळ्याच.

.३०० मॅग्नम व्हाइटटेलसाठी नाकापेक्षा मोती जड. जवळून लागली तर खांद्याचं निम्मं मांस रक्ताळून फेकावं लागतं.

नळीची लांबी आणि पीळ

बावीस इंचांची नळी हरणासाठी मधली आणि चांगली. दर इंच कापला की वेग साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद उतरतो. १८ इंचांवर आलात तर शंभर फुटांच्या आसपास गेले, जे दोनशे यार्डांच्या आत कुणाला कळतही नाही. झाडीत किंवा मचाणावरच्या बंद खोक्यात बसायचं असेल तर आखूड नळी सोयीची, आवाज आणि ज्वाळा मात्र वाढतात.

पिळाकडे बहुतेक जण बघतच नाहीत. नळीच्या आतले आटे गोळीला फिरवतात. १:१० म्हणजे दहा इंचांत एक फेरा. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो, नाहीतर ती हवेत डोलते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फाटलेलं भोक दिसतं. याची किंमत एका मोठ्या कंपनीने मोजली आहे. १९५५ मध्ये विंचेस्टरने .२४३ आणली आणि त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४ आणली. दोन्हींची गोळी एकाच व्यासाची. रेमिंग्टनने पीळ १:१२ ठेवला, हलक्या गोळ्यांसाठी. विंचेस्टरने १:१० ठेवला, त्यातून १०० ग्रेनची हरणाची गोळी नीट जाई. एकाच रायफलीत दोन्ही कामं हवी असलेलं गिऱ्हाईक विंचेस्टरकडे गेलं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने १:९ चा पीळ देऊन तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन नावाने पुन्हा बाजारात आणलं, तोवर उशीर झाला होता. जुनी रायफल विकत घेताना पीळ विचाराच.

शिसं की तांबं

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद आहेत. इतरत्र निवड तुमची. शिशाची गोळी उमलताना बारीक तुकडे मांसात लांबवर पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या मांसात ते सापडल्यावर ते मांस न वाटण्याचा सल्ला दिला गेला होता. घरात लहान मुलं तेच मटण खाणार असतील तर तांब्याच्या गोळीचा विचार करावा. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून वजनात एक पायरी खाली यायचं: .३०८ मध्ये १६५ ऐवजी १५०, .२४३ मध्ये १०० ऐवजी ८०-८५. तांब्याला उमलायला वेगही जरा जास्त लागतो, लागताना सेकंदाला २००० फूट धरून चला. आखूड नळी, जड तांब्याची गोळी आणि लांबचं हरीण हे तिन्ही एकत्र आले की बारीक भोक पडतं आणि हरीण हरवतं.

शून्य करणं

दुकानदाराने 'बोअर-साइट करून दिली' म्हणजे फक्त कागदावर लागेल एवढंच. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून आधी २५ यार्डांवर तीन गोळ्या मारा आणि तिघांचा मध्य काढा. साध्या दुर्बिणीचा एक क्लिक शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणजे २५ यार्डांवर त्याचा चौथा हिस्सा. मध्य एक इंच खाली असेल तर सोळा क्लिक वर. इथेच बरेच जण चार क्लिक फिरवून गोंधळतात. मग शंभरावर जा. .३०८, ७ एमएम-०८, क्रीडमूर, .२४३ यांपैकी काहीही असो, शंभरावर दीड ते दोन इंच वर लागलं की ती दोनशेच्या आसपास शून्य होते आणि अडीचशेच्या आत छातीच्या मधोमध नेम धरून चालतं. दर तीन गोळ्यांनंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. बारीक नळी तापली की गोळ्या भरकटतात आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत बसता.

नंतर टेबल सोडा. आठ-नऊ इंचांची कागदी प्लेट लावा आणि गुडघ्यावर बसून, काठीला टेकून, उभ्याने मारून बघा. ज्या अंतरावरून पाचच्या पाच गोळ्या प्लेटमध्ये जातात तेवढाच तुमचा पल्ला, डब्यावरच्या तक्त्यात काहीही छापलेलं असो. पहिल्या वर्षी तो बऱ्याच जणांचा शंभर-सव्वाशे यार्ड निघतो. काडतुसाचा ब्रँड किंवा गोळीचं वजन बदललं की शून्यही सरकतं, म्हणून रायफलीला मानवलेल्या काडतुसांचे तीन-चार डबे एकाच लॉट नंबरचे उन्हाळ्यातच घेऊन ठेवावेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानातली ती फळी रिकामी असते.